बी विंगच्या पार्किंगमधलं पाऊल

मोघे काकू (बी-२०३): नमस्कार. माझ्या पार्किंगमध्ये रात्रीतून पांढऱ्या रंगाने भलंमोठं पाऊल कोणी काढलंय? दुसरं पुढे व्हिजिटर्सच्या जागेत आहे. ऑइल पेंट असेल तर खर्च ज्याचा त्याने करायचा. मी नाव घेत नाही.

साळुंखे (सेक्रेटरी): काकू, नमस्कार 🙏 सीसीटीव्ही बघून कळवतो.

नितीन (ए-७०१): लक्ष्मीची पावलं असतील. एवढ्या साइजची आली असतील तर सगळ्यांचा मेंटेनन्स माफ करा सेक्रेटरी.

पाटील (बी-६०१): लिफ्ट नं. २ बंद आहे.

मोघे काकू (बी-२०३): नितीन, प्रत्येक गोष्टीची चेष्टा करायची नसते.

तन्मय (सी-५०४): काकू, मी काढलंय. पेंट नाहीये, कबड्डीच्या ग्राउंडला मारतात ती फक्की आहे, पाण्याने जाते. गंडम नावाचा जपानी रोबो आहे, १९७९ च्या कार्टून मालिकेतला. उंची १८ मीटर. माणसाच्या प्रमाणात त्याचं पाऊल केवढं येईल ते मोजत होतो. २ मीटर ६० सेंटिमीटर आलं.

शुभांगी (सी-५०४): मोघे काकू, मी आत्ताच्या आत्ता धुवायला पाठवते त्याला. प्रिलिम तोंडावर आहे आणि हे उद्योग.

गोखले काका (ए-३०२): थांबा, धुऊ नका. तन्मय, वजन किती धरलंस?

तन्मय (सी-५०४): मालिकेत ४३.४ टन दिलंय काका.

गोखले काका (ए-३०२): इथेच पहिली गोम आहे. पावणेदोन मीटरचा, ७० किलोचा माणूस घे. उंची १०.३ पट केली की वजन त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे जवळजवळ १,०९० पट. ७६ टन झाले. आणि हे हाडामांसाचं वजन, धातूचं नाही. ४३ टनात हा रोबो बसत असेल तर तो आतून पोकळ आहे. पाण्यात टाकला तर तरंगेल.

नितीन (ए-७०१): म्हणजे विसर्जनाचा प्रॉब्लेम होणार.

गोखले काका (ए-३०२): 😐 तळपायाचं क्षेत्रफळ माणसाच्या हिशोबाने २.१ चौरस मीटर. चालताना एक पाय हवेत असतो, म्हणजे सगळं वजन एका पायावर. चौरस मीटरला २० टन! आपला पार्किंगचा स्लॅब साध्या गाड्यांसाठी चौरस मीटरला २५० किलोला डिझाइन केलेला असतो. मोघेबाईंच्या जागेत उभा राहिला तर स्लॅब वाकणार नाही, थेट भोक पडून पाय खाली जाईल. पंचिंग शिअर म्हणतात त्याला.

कदम (ए-१०४): स्लॅबचा विषय निघालाच आहे तर मागच्या गणपतीत मांडवाचे खांब ठोकायला पोडियमला होल कोणी मारले, आणि आमच्या गाडीवर गळती कशामुळे, हेही गोखले साहेबांनी मोजून सांगावं.

सावंत (डी-४०२): कदम, तो विषय मीटिंगमध्ये मिटलाय. उत्सव समितीने वॉटरप्रूफिंगचे पैसे भरलेत.

कदम (ए-१०४): निम्मे.

साळुंखे (सेक्रेटरी): कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

पाटील (बी-६०१): विषय लिफ्टचा आहे. नं. २ बंद आहे.

जोशी आजी (ए-२०१): आमची जुई योकोहामाला होती तेव्हा तिने तो रोबो बघितलाय. खराखुरा हलायचा म्हणे. गुडघे वाकवायचा, हात वर करायचा. फोटो शोधते.

तन्मय (सी-५०४): बरोबर आजी! डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ होता तिथे. १८ मीटर, २५ टन.

गोखले काका (ए-३०२): २५ कसे झाले बघ. सांगाडा स्टीलचा, पण वरचं चिलखत हलकं, दिखाऊ. आणि जुईला विचारा, त्याच्या कमरेला मागून काय होतं.

जोशी आजी (ए-२०१): ती म्हणते मागे मोठी लोखंडी गाडी होती, तिने धरून ठेवलं होतं.

गोखले काका (ए-३०२): तेच तर! तो चालत नव्हता, चालल्यासारखं करत होता. शरीराचा भार मागची गाडी घेत होती, पाय नुसते हलत होते. मी याला फसवणूक म्हणणार नाही, उलट हा त्या इंजिनिअरांचा शहाणपणा. हाडाची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते आणि वजन घनाने, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये लिहून ठेवलंय.

शेख (डी-१०२): काका, मध्ये बोलतो. आमचं चाकणला हायड्रॉलिक प्रेसचं मेंटेनन्स आहे. गुडघ्याचं मी सांगू का?

गोखले काका (ए-३०२): सांगा की शेखभाई, ते तुमचंच क्षेत्र.

शेख (डी-१०२): समजा एका गुडघ्यावर ३० टन आलं आणि पाय वाकल्यावर ते वजन गुडघ्यापासून २ मीटर बाजूला. ६० टन-मीटर झाले. सिलिंडर सांध्यापासून अर्धा मीटरवर जोडला तर त्याला १२० टन जोर लावावा लागेल. २५० मिमी बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलिंडर तेलाच्या २५० बार दाबाला तेवढा देतो. असे प्रेस आमच्याकडे रोज चालतात, यात नवल काही नाही.

तन्मय (सी-५०४): म्हणजे शक्य आहे!!

शेख (डी-१०२): जोर शक्य आहे बेटा. स्पीड नाही. प्रेस सावकाश येतो. तुझा रोबो उकिडव्यातून झटकन उठणार म्हणजे सिलिंडर सेकंदाला १ मीटर सरकायला हवा. त्याला सेकंदाला ४९ लिटर तेल लागतं. पॉवर १,२०० किलोवॅट, म्हणजे १,६०० एचपी. फक्त एका गुडघ्याला. जेसीबीचं इंजिन साधारण ७५ एचपीचं असतं.

सावंत (डी-४०२): टी-९० रणगाड्याचं १,००० एचपी. रणगाडा ४६ टनांचा. माझा भाऊ आर्मर्डला होता.

शेख (डी-१०२): मग बघा. एका गुडघ्याला दीड रणगाडा. त्यावर तेल तापणार, ते गार करायला कूलर, कूलरचं वजन परत त्याच गुडघ्यावर. आणि सील. सील गेलं की तेलाचा फवारा. आम्ही प्रेसखाली ट्रे ठेवतो, चालत्या रोबोखाली ट्रे घेऊन कोण पळणार?

नितीन (ए-७०१): वॉचमनला सांगू. तसाही तो रात्री काय करतो.

मोघे काकू (बी-२०३): रात्री पार्किंगमध्ये एक मुलगा फक्की मारत होता तेव्हा वॉचमन काय करत होता, हा माझाही प्रश्न आहे.

पाटील (बी-६०१): लिफ्टमध्ये एक मोटर, एक खोली, वर आणि खाली. तेवढं आपल्याला चालवता येत नाही आणि इथे रोबोचे गुडघे चाललेत. नं. २ बंद आहे.

गोखले काका (ए-३०२): पाटील, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि रोबोलाही लागू आहे. लिफ्टला मागे काउंटरवेट असतं. केबिनचं वजन आणि वर जवळपास निम्म्या प्रवाशांचं. त्यामुळे मोटरला फक्त फरक उचलावा लागतो. रोबोच्या पायाला काउंटरवेट लावता येत नाही, सगळं वजन दर पावलाला नव्याने उचलायचं.

पाटील (बी-६०१): मला काउंटरवेट माहीत आहे. मेकॅनिक कधी येणार ते विचारतोय.

साळुंखे (सेक्रेटरी): पाटील साहेब, एएमसीवाल्यांना फोन केलेला आहे. कार्ड मागवलंय म्हणतात.

पाटील (बी-६०१): मागच्या वेळीही कार्डच होतं.

डॉ. रेवती (बी-५०२): मला आत बसणाऱ्याची काळजी वाटते. तो छातीत बसतो ना?

तन्मय (सी-५०४): हो ताई, साधारण १३ मीटरवर.

डॉ. रेवती (बी-५०२): म्हणजे चौथ्या मजल्यावर. रोबो तोल जाऊन पडला तर तो ५५-६० च्या स्पीडने जमिनीवर येणार. पट्टा बांधूनही मान वाचायची मारामार.

गोखले काका (ए-३०२): आणि न पडताही हाल आहेत. माणसाचं डोकं चालताना ५ सेंटिमीटर वर-खाली होतं, याचं अर्धा मीटर होईल. शिवाय एवढा उंच पाय लोलकासारखा सावकाशच झुलतो. आपलं पाऊल अर्ध्या सेकंदाचं, त्याचं दीड सेकंदापेक्षा जास्त. टीव्हीवर तो पळतो ते तू विसर.

नितीन (ए-७०१): सावकाश चालतो, वर-खाली होतो, मध्येच बंद पडतो. आपली लिफ्टच आहे ती.

पाटील (बी-६०१): 👍 पहिल्यांदा कामाचं बोललास.

तन्मय (सी-५०४): मग दोन पायांऐवजी चाकं? जपानमध्येच २०२३ ला आर्कॅक्स नावाचा साडेचार मीटरचा, साडेतीन टनांचा आलाय. आत माणूस बसतो. तो चार चाकांवर फिरतो.

शेख (डी-१०२): त्यांनी डोकं वापरलं. माणूस आत, हात-पंजे माणसासारखे, खाली चाकं. असं मशीन मी दुरुस्त करायला घेईन.

गोखले काका (ए-३०२): तन्मय, संध्याकाळी कागद घेऊन ये. घोट्याचा हिशोब राहिलाय, आणि घोटा गुडघ्यापेक्षा वाईट आहे, कारण जागाच कमी.

शुभांगी (सी-५०४): काका, गुरुवारी फिजिक्सचा पेपर आहे. त्यानंतर पाठवते.

गोखले काका (ए-३०२): अहो, हे फिजिक्सच आहे.

शुभांगी (सी-५०४): सिलॅबसमधलं म्हणतेय मी.

कदम (ए-१०४): गुरुवारनंतर वेळ असेल तर गळतीचंही बघा. फोटो परत टाकतोय.

सावंत (डी-४०२): कदम, कृपया पर्सनलवर बोला.