ट्रॅक आहे की, ला प्लान्यला!
फ्रान्समध्ये स्केलेटनचा (छोट्या स्लेडवर पालथं पडून बर्फाच्या ट्रॅकवरून खाली यायचा खेळ) ट्रॅकच नाही, तरी तिथली खेळाडू अगात बेसार बीजिंग २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकपर्यंत पोचली हे वर कोणीतरी लिहिलंय, तर कौतुक शंभर टक्के मान्य पण ट्रॅक आहे हो, आल्प्समध्ये ला प्लान्यला, १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेला, दीड किलोमीटर, १९ वळणं. तेव्हा तिथे बॉबस्ले (बसून) आणि ल्यूज (उताणं झोपून) या स्लेडच्या शर्यती झाल्या, स्केलेटन ऑलिम्पिकमध्ये परतलं ते थेट २००२ ला.

मी तिथे पर्यटकांच्या फोमच्या बॉबमधून खाली आलोय, बसून, तरी वळणावर मान अशी दाबली गेली की तोंडातून शब्द फुटेना. आणि ही पोरगी पालथी, डोकं पुढे, हनुवटी बर्फाच्या अगदी वर, ना ब्रेक ना स्टिअरिंग, नुसत्या खांद्या-गुडघ्याच्या दाबावर स्लेड वळवते!