ओव्यांचं सोपं गद्य करताना व्याकरणात काय बदलायचं?

सक्करदरा-वाचक:
आमच्या नागपूरच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांसाठी पसायदान आणि ज्ञानेश्वरीतल्या निवडक ओव्या सोप्या गद्यात आणायच्या आहेत. अवघड शब्द बदलले, अन्वय लावला, तरी वाक्यं लंगडतात. 'विश्वात्मकें देवें तोषावें' याचं 'विश्वात्मक देव संतुष्ट व्हावे' असं झालंय. चुकतंय कुठे? आणि ओव्यांतल्या अक्षरांवरचे बिंदू (अनुस्वाराची टिंबं) ठेवायचे की काढायचे?

अन्वयार्थी:
बिंदू आधी पुसले, तिथेच घोळ झाला. 'देवें' ही तृतीया आहे. 'विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें' यात तृतीया दोनदा येते: 'देवें' हा कर्ता, 'वाग्यज्ञें' हे साधन. 'तोषावें' भावे प्रयोगात आहे, म्हणून कर्त्याला 'ने' हवाच: 'विश्वात्मक देवाने वाचेच्या या यज्ञामुळे संतुष्ट व्हावं.' दुसऱ्या तृतीयेला मुद्दाम 'मुळे' घेतलं, दोन 'ने' कानाला बोचतात.

विभक्ती ओळखून होईपर्यंत बिंदूंना हात लावू नका. 'केलें' नपुंसकलिंगी एकवचन, 'केले' पुल्लिंगी अनेकवचन. 'तें' आणि 'ते' यांचंही तसंच. अनुच्चारित (उच्चारात न येणारे) बिंदू 1962च्या शुद्धलेखन नियमांनी काढले, पण शुद्धलेखनाच्या नियमांतच केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळानुसार छापावं असंही आहे. तेव्हा ओवी बिंदूंसकट छापा, खालचं गद्य बिनबिंदूचं.

धातुसाधित:
क्रियापदांत याहून मोठे खड्डे आहेत. ज्ञानेश्वरीतलं 'करी' बहुतेक ठिकाणी वर्तमानकाळी असतं: 'तो करतो'. आज 'तो रोज करी' म्हटलं की रीतिभूतकाळ होतो. 'म्हणे' तर आता ऐकीव गोष्टीला लागतं ('तो येणार म्हणे'). म्हणजे शब्द सोपा दिसतो आणि काळच चुकतो. 'कीजे', 'बोलिजे' ही कर्मणी रूपं आहेत, संदर्भ पाहून 'केलं जातं' किंवा 'करावं' घ्या.

'जो जें वांछील तो तें लाहो' यात 'लाहणे' म्हणजे मिळवणे, कर्ता 'तो'. 'ज्याला जे हवं ते त्याला मिळो' केलं की कर्ता बदलून 'ते' होतो. आजच्या मराठीची ठेवणच तशी आहे, माझ्या मते बदल खुशाल करावा. फक्त मूळ ओवी डोळ्यांसमोर ठेवून 'कर्ता ओळखा' विचारायचं आणि उत्तर सोप्या वाक्यावरून तपासायचं, हे करू नका.

रिद्धपूरकर:
पद्य जड जात असेल तर लीळाचरित्र (चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ; त्यात त्यांना 'सर्वज्ञ' म्हटलंय) घ्या, आपल्या विदर्भातलंच आहे आणि गद्य असल्यामुळे अन्वयाची कटकट कमी. 'सर्वज्ञें म्हणितलें' याचं 'सर्वज्ञाने म्हटलं' असं शब्दशः केलं तर आज उद्धट वाटतं. आदरार्थी अनेकवचन घाला: 'सर्वज्ञांनी म्हटलं'. 'मियां', 'तुवां' ही तृतीया मात्र 'मी', 'तू' यांत दिसेनाशी होते. खेड्यातल्या आजीचं 'म्या केलं' आठवून दिलं की पोरांना लगेच कळतं. फळ्यावर समजावताना 'करी' म्हणजे आपल्या बोलीतलं 'करून राहिला' हेही चालेल, छापताना नको.

सक्करदरा-वाचक:
आभार. 'नोहे' आणि 'नेणें'चं काय करू?

धातुसाधित:
दोन्हींत नकार पुढे चिकटलाय: न + होय, न + जाणें. आज तो मागे जातो: 'नाही', 'जाणत नाही'. 'नेणें' तेवढं डोळ्यांत तेल घालून तपासा, मुलं हमखास 'घेऊन जाणे' असं वाचतात.