बोअरचं पाणी, दोन फुटी टाकी, मे महिन्याचा उन्हाळा: कोणते श्रिंप घ्यावेत?

पाणकणीस
नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरात राहतो. २४×१२×१२ इंची टाकी आहे, तीत सध्या गप्पी मासे, आणि जावा मॉस व अनुबियास या वनस्पती. स्पंज फिल्टरवर चालते, टाकी जुनी आहे. आता श्रिंप (गोड्या पाण्यातले छोटे शोभेचे झिंगे) ठेवायचे आहेत. मनात क्रिस्टल रेड आहेत, ते लाल-पांढरे पट्टे फार आवडतात. दुकानदार म्हणतो अमानो घ्या, शेवाळ साफ करतील. त्याच्याकडे काचेसारखे पारदर्शक झिंगेही आहेत, अगदी स्वस्त. पाणी बोअरचं: टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ६२०, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा कठीणपणा) २०, पीएच ७.८. आरओच्या पाण्याचा टीडीएस ३५. मे महिन्यात टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. शेवाळ थोडंफार आहे, पण खरी इच्छा अशी की टाकीतच पिल्लं व्हावीत आणि संख्या वाढत राहावी. काय घेऊ?

खडकपाणी
चेरी घ्या, म्हणजे निओकॅरिडिना. तुमचं पाणी आणि तुमचा उन्हाळा बघता दुसरं नाव सुचवणार नाही.

क्रिस्टल रेड का नको, ते नीट सांगतो. जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांनी १९९० च्या दशकात बी (bee, मधमाशी) श्रिंपच्या काळ्या-पांढऱ्या पिल्लांत निघालेली लाल पिल्लं निवडून निवडून हा वाण तयार केला. मोजक्या जिवांपासून वाढलेला, म्हणून नाजूक. त्याला पीएच ६ ते ६.८, जीएच ४ ते ६, केएच (पीएच टिकवून धरणारा कार्बोनेटचा कठीणपणा) ० ते १, टीडीएस १०० ते १५० आणि तापमान २० ते २४ अंश लागतं. त्यासाठी पूर्ण आरओ पाणी, त्यात मोजून घातलेले क्षार, खाली अ‍ॅक्टिव्ह सॉइल (पाणी आम्ल करणारी माती) आणि उन्हाळ्यात चिलर (पाणी गार करणारं यंत्र). सॉइल घालून बोअरचं पाणी ओतलं तर पाण्यातला केएच त्या सॉइलची आम्लता बघता बघता संपवून टाकतो, मग पीएच पुन्हा वर आणि सॉइलचे पैसे पाण्यात. चिलरशिवाय आपल्याकडचा मे त्यांना सोसत नाही.

चेरीला पीएच ६.८ ते ७.८, जीएच ६ ते १०, केएच ३ ते ८, टीडीएस १८० ते २८० चालतं. तापमान २२ ते २६ उत्तम, २८ पर्यंत ठीक. त्यापुढे माद्या अंडी टाकून देतात आणि आयुष्य घटतं. ही पातळी तुम्हाला साध्या मिश्रणाने मिळते. एक भाग बोअर, दोन भाग आरओ: (६२० + ३५ + ३५) ÷ ३ = २३०. जीएच २० चा तिसरा हिस्सा म्हणजे साधारण ७. वेगळे क्षार विकत घ्यायची गरजच नाही.

टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर पाणी धरा. दर आठवड्याला याच मिश्रणाने ४ ते ५ लिटर बदला, त्याहून जास्त नको. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी मात्र नुसत्या आरओने भरायचं. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. घट मिश्रणाने भरत गेलात तर दोन महिन्यांत टीडीएस ४०० वर पोचलेला दिसेल.

तळ्याकाठी
वरच्या उत्तराशी सहमत. दुकानदाराच्या दोन्ही सूचनांबद्दल लिहितो.

अमानो शेवाळ खाण्यात वरचढ आहे यात वाद नाही. धाग्यासारखं हिरवं शेवाळ तो मन लावून खातो, काळ्या केसाळ शेवाळाचा मात्र भरवसा धरू नका. माशांचं खाणं भरपूर पडत असेल तर तो शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाही. पण तुम्हाला पिल्लं हवीत, आणि तिथेच गाडी अडते. मादी पोटाखाली अंडी धरेल, त्यांतून सूक्ष्म अळ्या निघतील आणि गोड्या पाण्यात काही दिवसांत मरतील. त्यांना वाढायला जवळपास समुद्राइतकं खारट पाणी लागतं. चेरीची पिल्लं मात्र अंड्यातून थेट छोटे श्रिंप म्हणूनच बाहेर पडतात. अमानो घेतलेच तर झाकण घट्ट हवं, ते नळीवरून चढून बाहेर पडतात.

पारदर्शक झिंगे बघताना पायांकडे नजर टाका. पुढून दुसरी पायांची जोडी लांब, सडपातळ आणि टोकाला चिमटा असलेली दिसली तर ते मॅक्रोब्रॅकियम, म्हणजे आपल्या नद्या-तळ्यांतले झिंगे. लहान असताना निरुपद्रवी वाटतात. मोठे झाले की रात्री झोपलेले गप्पी पकडतात, चेरी तर त्यांना घासच. चेरीचे पुढचे पाय आखूड असतात, टोकाला केसांचे झुबके असतात आणि ती त्यांनी सतत पृष्ठभाग खरवडत असते. दुकानात दोन मिनिटं उभं राहिलं तरी फरक कळतो.

गप्पींचं म्हणाल तर ते मोठ्या श्रिंपला काही करत नाहीत, पण २ मिलिमीटरचं पिल्लू त्यांच्यासाठी खाऊच आहे.

पाणकणीस
धन्यवाद! तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गप्पींना पूर्वी पांढरे ठिपके आले होते, तेव्हा दुकानातलं निळं औषध घातलं होतं. त्याने काही बिघडेल का? सोसायटीत सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) आहे, माझं माप त्याच्या आणि टेरेसवरच्या टाकीच्या आधीच्या नळाचं आहे, चालेल ना? आणि मॉस दाट असेल तर गप्पी राहू देऊ का?

नळाचं_पाणी
औषधाची बाटली शोधा आणि घटक वाचा. कॉपर सल्फेट लिहिलं असेल तर त्या खडीत श्रिंप सोडू नका. तांबं माशांना जेवढं सोसतं त्याच्या अंशानेही श्रिंप मरतात. ते खडीला, विशेषतः चुनखडीच्या खड्यांना, चिकटून राहतं आणि तुम्ही आरओ मिसळून पीएच खाली आणलात की पुन्हा पाण्यात उतरू शकतं. खडी आणि स्पंज नवीन घ्या, काच पुसून दोनदा पूर्ण पाणी बदला. त्यानंतर टाकी पुन्हा मुरवावी लागेल, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होऊ द्यावे लागतील: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० च्या खाली, असं लागोपाठ दोन आठवडे मिळाल्याशिवाय खरेदी नको. नव्या टाकीला यासाठी चार ते सहा आठवडे लागतात.

आरओ यंत्रही तपासा. हल्ली बऱ्याच यंत्रांत तांब्याची कार्ट्रिज असते, माणसांसाठी म्हणून. ते पाणी श्रिंपला देऊ नका. कार्ट्रिजच्या आधीच्या नळीतून पाणी काढता येतं, सर्व्हिसवाल्याला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून द्यायला सांगा. गीझरचं पाणीही नको, आतली कॉइल तांब्याची असू शकते.

सॉफ्टनरआधीचं पाणी घेताय हे उत्तम. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस तेवढाच दिसतो, जीएच शून्याजवळ येतो. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कोणते ते नाही, म्हणून थेंबांचं जीएच किट जवळ असू द्या. कॅल्शियम कमी पडलं, किंवा एकदम अर्धं पाणी बदलून जीएच हलला, की कात टाकताना श्रिंप अडकतो. डोकं आणि धड यांच्यामध्ये गोल पांढरी रेघ दिसते, कवच मागे उघडायच्या ऐवजी भोवताली फाटतं आणि बहुतेक श्रिंप त्यातून वाचत नाही. रिकामी कात दिसली तर काढू नका, ते ती खाऊन क्षार परत मिळवतात.

तळ्याकाठी
मॉस दाट असलं तर थोडी पिल्लं वाचतील, संख्या मात्र वाढणार नाही. पहिले तीन-चार महिने गप्पी दुसरीकडे ठेवा. पन्नासेक श्रिंप झाले की मग ठरवा.

उन्हाळ्यासाठी: पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका झोत मारणारा छोटा १२ व्होल्टचा पंखा लावा. तुमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे २ ते ४ अंश सहज उतरतात. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करत नाही. एअर पंप दिवसरात्र चालू हवा: २५ अंशांना पाण्यात प्रतिलिटर ८ मिलीग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, ३२ ला साधारण ७.३, आणि नेमका तेव्हाच श्रिंपना तो जास्त लागतो. बर्फाची बाटली तरंगवू नका, दोन तासांत पाच अंशांचा चढउतार ३० अंशांच्या स्थिर पाण्यापेक्षा वाईट.

खडकपाणी
खरेदीचं सांगतो. एकाच रंगाचे १५ ते २० घ्या. लाल, निळे, पिवळे एकत्र ठेवले तर आपसात जोड्या लागतात आणि काही पिढ्यांत सगळी पिल्लं मातकट, अर्धपारदर्शक निघतात. सगळ्यांत मोठ्या, गडद माद्या उचलायचा मोह होतो, पण चेरीचं आयुष्यच दीड वर्षाच्या आसपास, त्या उतरणीला लागलेल्या असतात. दीड सेंटिमीटरचे तरुण घ्या, ते तुमच्या पाण्यातच मोठे होतील. दुकानातल्या पाण्याचा टीडीएस मोजून घ्या.

घरी आल्यावर पिशवीतलं पाणी श्रिंपसकट बादलीत ओता आणि मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीने टाकीचं पाणी सेकंदाला दोन थेंब या गतीने सोडा. नळीवरच्या चाकाने वेग छान जमतो. पाणी तिप्पट होईपर्यंत थांबा, दीड-दोन तास लागतात. मग जाळीने श्रिंप उचला, बादलीतलं पाणी टाकीत नको.

खाणं अगदी कमी. वीस श्रिंपना आठवड्यातून तीनदा, उकळत्या पाण्यातून काढलेलं नखाएवढं पालकाचं पान. तीन तासांत उरलं तर काढा. देशी बदामाचं वाळलेलं पान एक, स्वच्छ धुऊन, कायम टाकीत असू द्या.

नळाचं_पाणी
एक राहिलं. ज्या खोलीत टाकी आहे तिथे डासांचं लिक्विड मशीन, अगरबत्ती किंवा स्प्रे अजिबात नको. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं एअर पंप हवेबरोबर थेट पाण्यात ढकलतो आणि श्रिंप कीटकांचेच नातलग. सोसायटीत फवारणी असेल त्या दिवशी खिडक्या बंद, टाकीवर ओलं फडकं, आणि पंपाची हवा आतल्या खोलीतून लांब नळीने घ्या. नवीन वनस्पती आणल्या तर आठवडाभर वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलत ठेवा. नर्सरीत त्यांच्यावरही फवारणी झालेली असते.