आप्पांच्या टीव्हीचा वायरलेस हेडफोन: शब्द मागून येतो, आईला आवाज नाही, आणि मधेच भावाची रील वाजते

शहापूरकरीण

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर फायरिंग रेंज, त्यात कान गेले. डावा जास्तच. संध्याकाळी बातम्या लागल्या की गल्लीच्या तोंडाशी उभं राहूनसुद्धा ऐकू येतात. मी शेजारच्या खोलीत एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते, काही मुलं ऑनलाइन असतात. पायथागोरस सांगताना मधेच मंत्रिमंडळ विस्तार येतो आणि पोरं फिदीफिदी हसतात.

म्हणून भावाने वायरलेस हेडफोन मागवला. डोक्यावरून पट्टी येणारा, कान पूर्ण झाकणारा. टीव्ही स्मार्ट आहे, त्यात ब्लूटूथ आहे. मेनू दुकानदाराने कन्नडमध्ये लावून दिलाय, तो तसाच आहे, आप्पांना त्याची सवय झालीय. हेडफोन जोडला आणि आवाज आला, तिथवर ठीक. पण ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो. बातम्यांना आप्पा चालवून घेतात. कुस्ती लागली की भडकतात. बेळगावच्या आनंदवाडीची कुस्ती मैदानं पुढच्या रांगेत बसून बघितलेला माणूस, त्यांना पैलवान पडल्यावर हलगी वाजलेली कशी चालणार?

शिवाय हेडफोन चालू झाला की टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. आई विचारते, मी काय नुसती चित्रं बघत बसू काय? आणि कधीकधी आप्पांच्या कानात बातम्यांऐवजी भावाच्या मोबाईलवरची रील सुरू होते. तेव्हा ते जे बोलतात ते इथं लिहिता येणार नाही.

आप्पा म्हणतात परत पाठवा. पाठवू काय?

आरपीडी_कट्टा

स्वस्तातला घेतला असणार. एलडॅकवाला घ्या ताई, सगळे प्रश्न मिटतील.

खानापूर_रेडिओ_दुरुस्ती

ताई, परत पाठवू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींत हेडफोन बिघडल्याची खूण एकपण नाही. मी खानापुरात रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केलेला माणूस. सांगली आकाशवाणी धरत नाही म्हणून नंदगड-जांबोटीकडची माणसं ट्रान्झिस्टर काखेत मारून यायची, आणि निम्म्या वेळा आत सेल उलटे घातलेले असायचे. आता त्यांची पोरं हेडफोन घेऊन येतात. वस्तू चांगली असते, भलत्याला जोडलेली असते, एवढंच.

रीलचं आधी सांगतो, ते सोपं हाय. हेडफोन ज्या-ज्या मोबाईलला एकदा जोडला त्यांची यादी तो लक्षात ठेवतो, आणि चालू झाला की शेवटच्या ओळखीच्याला आधी शोधतो. आताचे बरेच हेडफोन तर एका वेळी दोघांना धरून बसतात, त्याला मल्टिपॉइंट म्हणतात. भावाने मागवला म्हणजे खोकं उघडल्या-उघडल्या आपल्याच मोबाईलला लावून बघितला असणार, व्हय का नाही? तर त्याच्या मोबाईलच्या ब्लूटूथ यादीत जाऊन हेडफोनच्या नावापुढची खूण दाबायची आणि ‘फरगेट’ करायचं. नुसतं डिस्कनेक्ट करून भागत नाही, तो परत येतो. मग हेडफोनसोबत आलेल्या कागदावर रीसेट कसा करायचा ते असेल, तसं करून त्याची यादी पुसा. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं, म्हणून मी अंदाजाने सांगत नाही.

आता टीव्हीला नव्याने जोडताना घरातल्या सगळ्या मोबाईलचं ब्लूटूथ बंद ठेवा. हेडफोन बंद असताना चालू करायचं बटण दाबा आणि दाबूनच धरा. चालू झाल्याचा आवाज येतो, तिथं माणसं बोट काढतात. काढायचं नाही. दिवा लाल-निळा असा भरभर लुकलुकायला लागला की मग सोडा. तेव्हाच तो नवीन ओळख करून घेतो.

शब्द मागून येण्याचं कारण वेगळं हाय. ब्लूटूथमध्ये आवाज आहे तसा जात नाही. टीव्ही तो दाबून बारीक करतो, हवेतून पाठवतो, हेडफोन तो परत उलगडतो, आणि मधेच तुटू नये म्हणून थोडा साठा हाताशी ठेवून मग वाजवतो. या दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी नावाचा कोडेक ब्लूटूथच्या प्रत्येक गाण्याच्या हेडफोनला असावाच लागतो, आणि त्यात साधारण १५० ते २५० मिलीसेकंद जातात. आवाज सव्वाशे मिलीसेकंद मागे पडला की माणसाला कळायला लागतं. म्हणजे आप्पांचं बरोबर हाय. ॲपटीएक्स लो लेटन्सी म्हणून एक कोडेक हाय, त्यात हा उशीर ४० च्या आसपास येतो, तो कुणाला कळत नाही. पण तो पाठवणाऱ्यात आणि ऐकणाऱ्यात, दोन्हीकडे पाहिजे. एकीकडेच असला तर गाडी परत एसबीसीवर.

कट्ट्यावरच्या भावाला सांगतो, एलडॅक हापण कोडेकच, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो हे खरं, पण ते गाण्याच्या बारकाव्यासाठी. उशीर त्याने कमी होत नाही. आप्पांना सतारीच्या तारा मोजायच्या नाहीत.

टीव्हीच्या मेनूत ‘ऑडिओ डिले’ असं काही दिसलं तर शून्यावर ठेवा. लोक ते वाढवून बघतात. त्याने आवाज आणखी मागे जातो, पुढे येत नाही. काही टीव्हीत ब्लूटूथसाठी चित्र थांबवून धरायची सोय असते, ती असली तर मात्र लावून बघा.

आणि तुमच्या आईंचं. टीव्हीचं ब्लूटूथ सोडा. ब्लूटूथने हेडफोनला आवाज पाठवणारा एक ट्रान्समीटर मिळतो, काड्यापेटीएवढा. सेट-टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढरी भोकं असतात बघा, किंवा एकच गोल भोक आणि त्यासोबत तीन रंगांच्या टोकांची वायर. लाल आणि पांढरं टोक ट्रान्समीटरला द्यायचं, पिवळं लोंबकळू दे. साधी मोबाईलची वायर त्या एकाच भोकात घुसवू नका, आतली जुळणी वेगळी असते, नुसती घरघर ऐकू येईल. एचडीएमआयमधून टीव्हीला चित्र-आवाज जातच राहतो, आणि बहुतेक बॉक्समध्ये हा दुसरा आवाजपण सोबत चालू असतो. बॉक्सच्या रिमोटचा आवाज भरपूर ठेवायचा आणि परत हात लावायचा नाही. आई टीव्हीच्या रिमोटने आपला आवाज ठरवतील, आप्पा हेडफोनच्या बटणाने आपला. भांडण संपलं. यात अजून एक फायदा हाय. टीव्ही चित्रावर आपली कारागिरी करण्यात थोडा वेळ घालवतो, आणि हा आवाज त्याच्याआधीच बाहेर पडलेला असतो. त्यामुळे हेडफोनचा उशीर थोडा झाकला जातो.

ट्रान्समीटर घेताना बॅटरीवाला घेऊ नका. यूएसबीवर चालणारा, करंट आला की आपोआप चालू होणारा बघा. आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, दर वेळी उठून कोण बटण दाबणार?

निपाणीकर_

काकांनी सांगितलेलं उत्तम. एक पुरवणी. टीव्हीच्या मागे ऑप्टिकल असं लिहिलेलं चौकोनी भोक असेल तर तिथूनही आवाज घेता येतो, आणि बऱ्याच टीव्हीत त्या वेळी स्पीकरही चालू राहतात. पण टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला साधा आवाज, असं करावं लागतं. ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर असलं तर बहुतेक ट्रान्समीटरना ते समजत नाही, हेडफोन गप्प बसतो. ऑप्टिकल वायरच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोपण असतं, ते काढायचं. मी हसण्यावारी सांगत नाही, लोक ते तसंच घुसवतात.

चिकोडी_ऑडिओमेट्री

मी कानांच्या तपासणीचं काम करते, म्हणून थोडं वेगळं सांगते. गोळीबाराने गेलेल्या कानात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त असे वर्ण ऐकू येत नाहीत, आणि माणूस म्हणतो “आवाज येतो पण शब्द कळत नाही.” मग तो आवाज वाढवतो. वाढतो तो सगळाच आवाज, हरवलेले वर्ण काही परत येत नाहीत. आप्पा असं म्हणतात का ते विचारा. म्हणत असतील तर हेडफोन ही टीव्हीपुरती सोय झाली, कानाची तपासणी वेगळी करायलाच हवी. निवृत्त सैनिक आहेत, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर श्रवणयंत्र त्यातून मिळतं. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जा, ते पुढे कानाच्या डॉक्टरांकडे पाठवतील.

आणि हेडफोन मिळाला म्हणून रोज फुल्ल आवाज नको. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. उरलेला कान सांभाळायचा आहे.

शहापूरकरीण

चिकोडीच्या ताई, अगदी हेच म्हणतात. “बोलतोय ते ऐकू येतंय, काय बोलतोय ते नाही.” आम्ही समजत होतो निवेदकाला नावं ठेवतात. कार्ड आहे, घेऊन जाते.

काका, भावाने तुम्ही म्हणालात तसंच केलं होतं, पहिल्यांदा त्याच्याच मोबाईलला. फरगेट केलं, रीसेट केला, रीलचा त्रास संपला. खडेबाजारातून ट्रान्समीटर आणला, लाल-पांढरी वायर बॉक्सला लावली. मालिका असो की बातम्या, आई आणि आप्पा दोघंही ऐकतात, आवाज आपापला. उशीर अजून आहे पण पुष्कळ कमी, बातम्यांना आप्पांची तक्रार नाही.

पण कुस्ती लावली की हेडफोनमध्ये काहीच येत नाही! नुसती शांतता. हेडफोनच्या खोक्यावर कोडेक म्हणून एसबीसी आणि एएसी एवढंच लिहिलंय.

खानापूर_रेडिओ_दुरुस्ती

कुस्ती बघता कशावर? केबलवर की टीव्हीतल्या यूट्यूबवर?

शहापूरकरीण

यूट्यूबवर. टीव्हीतल्याच.

खानापूर_रेडिओ_दुरुस्ती

मग बरोबर हाय. यूट्यूब टीव्हीच्या पोटात चालतं, बॉक्सला त्याचा पत्ताच नाही, तर बॉक्सच्या वायरीत आवाज येणार कुठून? निपाणीच्या साहेबांनी सांगितलेल्या ऑप्टिकलने आवाज येईल, पण तुमच्या हेडफोनला लो लेटन्सी नाही, म्हणजे उशीर परत पहिल्यासारखा. कुस्तीला ते चालायचं नाही. नवीन हेडफोन घ्या असं मी सांगणार नाही, कारण त्याची गरज नाही.

हेडफोनच्या खालच्या कडेला एक गोल भोक हाय काय बघा. मोबाईलच्या जुन्या हेडफोनचं असतं तसं. बहुतेक पट्टीवाल्या हेडफोनला असतं, आणि खोक्यात त्याची वायर पण येते, जी सगळे जण न उघडता ठेवून देतात. ती वायर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावा. लांबीला कमी पडली तर साडेतीन एमएमची एक्स्टेन्शन वायर मिळते, आप्पांची खुर्ची असेल तिथपर्यंत भिंतीकडेने न्या, पायात यायला नको. वायरीत कोडेक नाही, साठा नाही, उशीर नाही. पाठ टेकली की हलगी वाजेल.

त्या वेळी टीव्हीचे स्पीकर बंद पडतील. पण कुस्तीच्या वेळी आईंची काय हरकत असणार?

शहापूरकरीण

आई म्हणते कुस्तीला टीव्हीच बंद पडला तरी चालेल.

भोक आहे, वायरही खोक्यात मिळाली, पिशवीत बांधलेली. लावली. आवाज एकदम बरोबर. पण हेडफोनची आवाजाची बटणं आता चालत नाहीत, आणि त्याचा दिवाही विझला. बिघडला का?

खानापूर_रेडिओ_दुरुस्ती

बिघडला नाही. वायर घुसवली की बरेच हेडफोन आपलं ब्लूटूथ बंद करून टाकतात, मग त्यांची बटणंपण झोपतात. आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त करा. कानावर घालायच्या आधी टीव्हीचा आवाज खाली आणा, स्पीकरला ठेवलेला आकडा कानात जड जातो. वायर काढली की बटण दाबून परत चालू करायचा, ट्रान्समीटर आपणहून धरेल. नाहीच धरला तर टीव्ही आणि बॉक्स आधी चालू करा, ट्रान्समीटरचा दिवा लागू दे, मग हेडफोन.

शहापूरकरीण

एक शेवटचं विचारते, विषय थोडा वेगळा. दुपारी आप्पा झोपले की तोच हेडफोन मी लॅपटॉपला लावून ऑनलाइन शिकवते. गाणं लावलं तर झकास वाजतं, पण क्लास सुरू झाला की मुलांचा आवाज डब्यातून आल्यासारखा.

आरपीडी_कट्टा

हे मला माहीत आहे, कॉलेजात रोज भोगतो. ब्लूटूथची गाण्याची वाट एकतर्फी असते, फक्त कानाकडे. क्लासच्या ॲपने हेडफोनचा माइक उचलला की हेडफोन फोन कॉलच्या पद्धतीवर उतरतो, तिथं आवाज मोनो आणि कमी दर्जाचा. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन राहू द्या. विंडोजमध्ये एकाच हेडफोनची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावं दिसली तर स्टिरिओ घ्यायचं. आणि लॅपटॉपला जोडलात म्हणजे आता हेडफोनच्या यादीत लॅपटॉप पण आला. क्लास संपला की लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर संध्याकाळी आप्पांना बातम्यांत तुमचं बीजगणित ऐकू येईल.

खानापूर_रेडिओ_दुरुस्ती

हे बरोबर सांगितलंस बघ. एलडॅक सोडून बोललास की चांगलं बोलतोस.