मदत हवी आहे: घरी बांधलेल्या टू-सीटरचा प्रोपेलर शाफ्ट थरथरतो

मंडळी, सोलापुरात घरच्या शेडमध्ये लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर गाडी बांधलीय. चौकोनी पाइपची चासी. इंजिन (७९६ सीसी), गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल ओम्नीचा. पळते फार देखणी! पण ताशी ४० किमीच्या पुढे इतकी थरथरते की आरशात काही दिसत नाही. न्यूट्रलला टाकूनही थांबत नाही, म्हणजे इंजिन नव्हे.

शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलला पोचवणारा फिरता दांडा) एमआयडीसीत कापून बॅलन्स केलाय. दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस नवे, ते धरणारे शाफ्टचे दोन्ही योक (दुबेळकी टोकं) एका रेषेत, चाकंही बदलून पाहिली. कोन मोजले: गिअरबॉक्सची शेपटी ३ अंश खाली, डिफरन्शियलचं (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरपेटीचं) तोंड १ अंश वर.

नोंदणी नाही, त्यामुळे चाचणी मित्राच्या शेतातल्या रस्त्यावरच. शाफ्टवर टनेलमध्ये (शाफ्ट झाकणाऱ्या बोगद्यात) जागा जेमतेम अंगठाभर.

मागचा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि अॅक्सलचं हाउसिंग यांमध्ये २ अंशांची पाचर घालून कोन जुळवले तर पुरेल, की गिअरबॉक्सच उचलावा?