‘हॉस्टेलवर इंग्रजीच बोला’ या सक्तीने बोलता येतं का?

रानवाट:
“परदेशी विद्यार्थी आपल्याच भाषेच्या कोंडाळ्यात बसतात, म्हणून त्यांचं इंग्रजी सुधारत नाही; हॉस्टेलवर सक्ती करा,” ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. दिवसभर परक्या भाषेत लेक्चरं ऐकलेल्या पोराने जेवताना तरी मन मोकळं करू नये? खरी अडचण वेगळीच आहे: त्यांच्याशी बोलायला थांबतं कोण? परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी बोलायचा सराव देणाऱ्या आमच्या संभाषण गटात एक मुलगी गळक्या नळाबद्दल घरमालकाशी कसं बोलायचं ते जुळवत होती. समोरचा स्वयंसेवक तिच्या प्रत्येक वाक्याचा शेवट स्वतःच करायचा. तासभर तोच बोलला. सराव कुणाचा झाला?

उंबरठा:
सक्ती नकोच. पण कोंडाळ्याला इतकं निर्दोष ठरवू नका. आम्ही एका भाषेचे चौघं एकत्र राहायचो. बँक असो की डॉक्टर, ज्याचं इंग्रजी बरं तोच पुढे, आम्ही मागे उभे. पदवी मिळाली तरी फोन उचलायला हात धजत नव्हता.

निळीशाई:
एवढा खटाटोप कशाला? भाषा कशी शिकली जाते यावर लिहिणारा अभ्यासक क्रॅशन सांगतो तसं, समजेल असं भरपूर ऐका, वाचा. बोलणं मागोमाग येतं.

रानवाट:
येत नाही! कॅनडातल्या फ्रेंच माध्यमातल्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल भाषा-संशोधक मेरिल स्वेनने १९८५ मध्ये हेच दाखवलं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून समज उत्तम, बोलण्यात मात्र चुका तशाच.

निळीशाई:
मग चुका तिथल्या तिथे सुधारा. आणि उच्चारही. तुमचे स्वयंसेवक “छान, छान” म्हणत बसतात. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कोण छान म्हणणार?

उंबरठा:
उच्चारांचं हे खूळ आधी सोडा! मन्रो आणि डर्विंग या उच्चारांच्या अभ्यासकांनी १९९५ मध्येच दाखवलंय, उच्चारातली परकी लकब ठळक असली तरी बोलणं पूर्ण समजू शकतं. माझ्या गटातला एक मुलगा बोलायला लागला की एक बाई दर शब्दाला टोकायच्या. पुढे तो यायचाच बंद झाला. तुम्हाला शिकवायचंय की मिरवायचंय?

निळीशाई:
वैयक्तिक होऊ नका. मलाही असंच टोकलं गेलं, म्हणूनच मी सुधारले.

रानवाट:
तुम्ही टिकलात, जे गेले ते सांगायला इथे नाहीत. बोलून झाल्यावर, अर्थ बिघडवणाऱ्या एकदोन चुका सांगा. त्यांनाच त्या वापरून पुन्हा बोलू द्या.

निळीशाई:
बोलून झाल्यावर, ठीक. पण सांगायच्याच. “छान” म्हणून सोडायचं नाही.

उंबरठा:
एवढं मान्य. आणि नळाचा फोन त्या मुलीलाच लावू द्या. स्वयंसेवकाने शेजारी बसावं, पण फोन हातात घेऊ नये.