मदत हवी आहे : लेव्हलच्या मध्ये झेंडा बसतच नाहीये

सिडकोची_आत्या
तातडीने मदत हवी आहे. रविवारी भाचेकंपनी येतेय. त्यांच्यासाठी गेममध्ये आपल्या नाशिकच्या गोदाघाटाची लेव्हल बनवतेय. सगळं झालंय, पण मधला झेंडा, मेलं की जिथून पुन्हा सुरू होतं तो, काही केल्या ठेवता येत नाही. बाकी सगळ्या वस्तू बसतात, हा एकच बसत नाही. जागा बदलून पाहिली, बंद करून चालू केलं, अपडेटही केलं. लेव्हल मोठी आहे. शेवटाशी मेलं की पुन्हा रामकुंडापासून सुरुवात, धाकटा रडून घर डोक्यावर घेईल. कोणाला नक्की माहीत असेल तर लगेच सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, ते बघत बसायला वेळ नाही.

जुना_खेळगडी
गेम कोणता ते लिहायचं राहिलं.

सिडकोची_आत्या
मारिओ मेकरच हो. स्वतःच्या लेव्हल बनवायच्या म्हणजे दुसरा कुठला असणार?

पिक्सेलवाला
मारिओ मेकर दोन आहेत ताई. पहिला 2015 मध्ये निन्टेन्डोच्या वी यू या जुन्या गेम-यंत्रावर आला, दुसरा जून 2019 मध्ये त्यांच्याच स्विचवर. वी यू असेल तर मेहनत वाया जाईल. 2021 पासून त्यावर नवीन लेव्हल इंटरनेटवर चढवता येत नाही आणि एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन सेवाही बंद झाली.

सिडकोची_आत्या
स्विच आहे, मिस्टरांनी दुबईहून आणलेला. आणि मला लेव्हल कुठे चढवायचीच नाहीये. घरच्या टीव्हीवर मुलं खेळणार. प्रश्न झेंड्याचा आहे.

कॉलेजरोड_422005
चढवायची असेल तर निन्टेन्डोची ऑनलाइन मेंबरशिप लागते. त्यांच्या दुकानात भारत हा देशच नाही, म्हणून खातं दुसऱ्या देशाचं करावं लागतं. माझं इथलं कार्ड तिथे चाललं नाही, शेवटी गिफ्ट कोड घेतला. कोड घेताना खात्याचा देश आणि कोडचा देश एकच आहे ना, ते बघून घ्या.

सिडकोची_आत्या
धन्यवाद, पण वर लिहिलंय की चढवायची नाहीये.

डॅश_फॅन
एवढा खटाटोप कशाला? जॉमेट्री डॅश घ्या. 2013 पासून आहे, साध्या फोनवर चालतो आणि पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत लेव्हल बनवायचा एडिटर आहे. डिसेंबर 2023 च्या 2.2 अपडेटपासून मारिओसारखं मागेपुढे पळायचीही सोय आहे आणि त्यात चेकपॉइंट, म्हणजे तुमच्या झेंड्यासारख्या जागा, ठेवता येतात. माझ्या भावाने संपूर्ण लेव्हल फोनवर बनवली.

जुना_खेळगडी
रविवारी मुलं येणार आणि तुम्ही त्यांना नवा गेम शिकायला सांगताय. आत्या, स्टाइल कोणती घेतलीय, म्हणजे कोणत्या मारिओ गेमचं रूप? पाच आहेत. आणि कोणी थ्रीडी वर्ल्ड करून बघा म्हणालं तर आधी लेव्हल सेव्ह करा. त्या स्टाइलवर गेलं की मांडलेलं सगळं पुसलं जातं.

सिडकोची_आत्या
सुपर मारिओ वर्ल्डची. झेंडा दिसतो, पण ठेवू देत नाही.

खोडरबर
माझं मत थोडं वेगळं. झेंडा नकोच. मधे झेंडा दिला की बनवणारा आळशी होतो आणि लेव्हल उगाच लांबत जाते. जुन्या मारिओत कुठे झेंडे होते? एका दमात पार करायची मजा मुलांना कळू दे. बनवणाऱ्यालाही स्वतः पार केल्याशिवाय लेव्हल चढवता येत नाही, मग खेळणाऱ्याला सवलत का?

पिक्सेलवाला
झेंडा दिसत नव्हता एवढंच. 1985 च्या पहिल्या मारिओत बऱ्याच लेव्हलच्या अर्ध्यात न दिसणारा चेकपॉइंट आहे, तिथून पुढे मेलात तर अर्ध्यापासून सुरू होतं. किल्ल्यांत आणि आठव्या वर्ल्डमध्ये तो नाही, म्हणून त्या लेव्हल एवढ्या कठीण वाटतात. ज्यांनी खेळ घडवला त्यांनीच ही सोय दिली होती. आणि झेंडा असलेली लेव्हल चढवायची तर सुरुवातीपासून पार करावी लागतेच, वर प्रत्येक झेंड्यापासूनही पार करून दाखवावी लागते. म्हणजे काम वाढतं.

खोडरबर
पार करून दाखवण्यातही फसवणूक होते. पहिल्या मारिओ मेकरमधली 'ट्रिमिंग द हर्ब्ज' ही लेव्हल आठवा. सर्व्हर बंद होण्याआधी कोणीच पार न केलेल्या सगळ्या लेव्हल संपवायच्या म्हणून लोक झपाटून बसले होते. शेवटी ही एकच उरली, आणि मार्च 2024 मध्ये बनवणाऱ्यानेच सांगितलं की मी ती यंत्राच्या मदतीने पार करून चढवली होती.

पिक्सेलवाला
पुढचंही सांगा की. सर्व्हर बंद व्हायच्या दोन-तीन दिवस आधी एकाने ती हाताने पार केली. पण त्याचा ताईंच्या झेंड्याशी काय संबंध?

पंचवटीचे_अण्णा
गेममधलं मला काही कळत नाही, पण गोदाघाट वाचलं म्हणून थांबलो. यात घाट नेमका कसा दाखवलाय? दुतोंड्या मारुती आहे का? त्याच्याशिवाय गोदाघाट कसला.

सिडकोची_आत्या
आहे ना अण्णा! त्याच्यासाठीच सगळा खटाटोप. ठोकळे रचून उभा केलाय, दोन्ही बाजूंना एकेक तोंड काढलंय, आणि हात जोडलेले दिसावेत म्हणून छातीशी वेगळ्या रंगाचे ठोकळे लावलेत. थीम जंगलाची घेतली, कारण तिच्यात पाणी चढतं-उतरतं ठेवता येतं. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. रामकुंडाच्या पायऱ्या, मग मारुती, मग नारोशंकराची घंटा, तिथून पाइपमधून दुसऱ्या भागात. तो भाग उभा आहे, पूर वाढला की वर वर चढत जायचं.

पंचवटीचे_अण्णा
वा. आम्ही लहानपणापासून पाणी मारुतीवरच मोजतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, होळकर पुलाखालून किती गेलं तेही येतं, पण घरात विचारतात ते एकच, मारुतीच्या कुठवर आलं? 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरा बुडाला होता. सराफ बाजारातल्या लोकांची त्या दिवशी काय धावपळ झाली ते मी पाहिलंय. एक सुचवतो. पाणी वरून येतं, म्हणजे सोमेश्वरचा धबधबा आधी हवा, मग आनंदवल्ली, मग होळकर पूल, मग रामकुंड. तुमची लेव्हल सोमेश्वरपासून सुरू झाली पाहिजे.

खोडरबर
म्हणजे अजून लांब. झालं कल्याण.

कॉलेजरोड_422005
सिंहस्थाच्या कामांमुळे 2027 पर्यंत घाटाचं रूप बदलेल, लेव्हल पुन्हा करावी लागेल. रामकुंडापाशी गाडी लावायला आता नेमकी कुठे जागा आहे, कोणी सांगू शकेल का?

जुना_खेळगडी
गाडीसाठी वेगळा धागा काढा. आत्या, ही लेव्हल संपते कधी? शेवटच्या खांबाला हात लावला की संपते, की आणखी काही करावं लागतं? नीट सांगा.

सिडकोची_आत्या
पन्नास नाणी गोळा करून खांबाशी जायचं. नाण्यांशिवाय लेव्हल संपतच नाही, मोठा भाचा नुसता पळत सुटतो म्हणून तशी अट घातली. ते तर सुरुवातीलाच केलं होतं. त्याचा काय संबंध?

जुना_खेळगडी
तोच संबंध आहे. ती क्लिअर कंडिशन, म्हणजे लेव्हल संपवायची अट. मारिओ मेकर 2 मध्ये क्लिअर कंडिशन लावलेल्या लेव्हलमध्ये चेकपॉइंटचा झेंडा ठेवताच येत नाही. दोन्हींतलं एकच मिळतं. अट काढा, झेंडा बसेल.

डॅश_फॅन
जॉमेट्री डॅशमध्ये असली भानगड नाही.

कॉलेजरोड_422005
मला वाटतं स्टोरी मोड, म्हणजे गेममधल्या तयार लेव्हलचा भाग, पूर्ण केला नसेल. काही वस्तू खेळल्यावरच मिळतात.

पिक्सेलवाला
काही मिळतात, पण झेंडा त्यांना दिसतोय असं त्या सांगताहेत. जुना_खेळगडी बरोबर आहेत.

सिडकोची_आत्या
पण मग नाणी? अट काढली तर मोठा पुन्हा सरळ पळेल आणि मारुतीकडे बघणारही नाही. दोन्ही हवंय.

जुना_खेळगडी
दोन्ही जमेल. नेहमीच्या नाण्यांऐवजी गुलाबी नाणी घ्या. त्या भागातली सगळी गुलाबी नाणी मिळाली की मारिओला किल्ली मिळते. चार-पाचच ठेवा: एक पायऱ्यांवर, एक मारुतीच्या खांद्यावर, एक त्याच्या मागच्या तोंडाशी, एक घंटेखाली. मग पाइपच्या आधी भिंत घाला आणि तिच्यात कुलपाचं दार. किल्ली नसेल तर पुढे जाताच येणार नाही. झेंडा पाइपच्या पलीकडे, दुसऱ्या भागात शिरल्या शिरल्या ठेवा. म्हणजे झेंड्यापाशी पोचलेल्याने नाणी गोळा केलेलीच असणार आणि तिथून पुन्हा सुरू केलं तरी किल्लीचा प्रश्न येत नाही.

पिक्सेलवाला
गुलाबी नाण्यांपेक्षा किल्ली एखाद्या शत्रूच्या पोटात ठेवा. त्याला मारलं की किल्ली पडते. एकच वस्तू शोधायची, धाकट्याला सोपं.

जुना_खेळगडी
पण मग मारुतीभोवती हिंडायचं कारणच उरलं नाही, मोठा शत्रूला मारून पुढे जाईल. आत्यांना तेच तर नकोय. आणि मारुतीसमोर मारामारी कशाला?

पंचवटीचे_अण्णा
अनुमोदन.

पिक्सेलवाला
बरं, नाणीच ठेवा. फक्त मागच्या तोंडाशी ठेवलेलं नाणं पाणी चढल्यावर पाण्याखाली जाईल. जंगलात दिवस असेल तर साधं पाणी आहे, पोहत जाऊन घेता येईल. रात्र केली तर तेच पाणी विषारी होतं, शिरलं की मेलात. आत्ता दिवस आहे ना ते बघा.

सिडकोची_आत्या
दिवसच आहे. अट काढली, झेंडा लगेच बसला! कुलपाचं दार घंटेच्या पुढे लावलं, नाणी तुम्ही सांगितलीत तिथेच ठेवली. आत्ता स्वतः खेळून पाहिलं, किल्ली मिळतेय आणि दार उघडतंय. सगळ्यांचे खूप आभार. अण्णा, सोमेश्वरचा धबधबा दिवाळीच्या सुट्टीत करते, वेगळी लेव्हल.

पंचवटीचे_अण्णा
करा. आणि त्यात उन्हाळ्यात पाणी ठेवू नका, तेव्हा तिथे नुसता खडक असतो.

सिडकोची_आत्या
एकच राहिलं. दुसऱ्या भागातला पूर फार भराभर चढतोय, झेंड्यापासून निघून दोन उड्या मारेपर्यंत डोक्यावर येतो. धाकट्याला पोहता येत नाही गेममध्ये, बटण सारखं दाबावं लागतं.

पिक्सेलवाला
दुसऱ्या भागात जा, पाण्याच्या सेटिंगमध्ये वेग सगळ्यात मंद करा. दोन्ही भागांचं सेटिंग वेगळं असतं, पहिल्यात बदलून दुसऱ्यात बदलणार नाही. आणि झेंड्याच्या वर लगेच एक रुंद पायरी द्या, तिथे उभं राहून त्याला पाणी बघता येईल.